गोंदण चालत नाही, टेरिकॉट चालतं

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं नियमांचं पुस्तक आहे, त्याच्या १९व्या अध्यायात ३७ वचनं आहेत. त्यातलं २८वं आमच्या ख्रिस्ती मंडळीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे: अंगावर गोंदून घेऊ नका. १८वंही सगळ्यांना तोंडपाठ आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, पण ते येशूचं म्हणून. ते मुळात लेवीयमधलं, येशूनं तिथून उचललं, असं सांगितलं की माणसं चष्मा पुसून पुन्हा पान बघतात. उरलेल्या ३५ वचनांशी आमचं फारसं जाणं-येणं नाही.

माझं लक्ष त्या पानाकडे गेलं ते एका पोरीच्या मनगटामुळे. नर्सिंग शिकते. सुट्टीत घरी आली ती मनगटावर क्रूस गोंदवून, बोटाच्या पेराएवढा. नाताळच्या गायनमंडळात तिचं नाव होतं. कमिटीतले एक ज्येष्ठ, मी त्यांना काकाच म्हणते, त्यांनी २८वं वचन काढलं आणि पोरीला निरोप गेला की यंदा बाकावर बसूनच गा. पोरगी रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून दे." मी शिवला. बाही मनगटाच्या खाली दोन बोटं घेतली आणि आतून हूक लावला, म्हणजे हात वर केला तरी सरकायची नाही.

आता गंमत अशी की, काका ते वचन वाचत होते तेव्हा त्यांच्या अंगात मीच शिवलेला टेरिकॉटचा सफारी होता. अर्धं पॉलिएस्टर, अर्धं सूत. आणि त्याच अध्यायात, नऊ वचनं वर, दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगाला लावू नको म्हटलंय.

माझा भाचा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात शिकलाय. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नको, अनुवाद २२:११ मध्ये खुलासा आहे. लोकर आणि लिनन एकत्र नको, एवढंच." (अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तेही जुन्या करारातलं नियमांचं पुस्तकच.) काटेकोर ज्यू लोक आजही ते पाळतात म्हणे, नवा कोट घेतला की आतलं अस्तर, कॉलरमधलं कॅनव्हास तपासून घेतात. टेरिकॉट त्यात बसत नाही. बरं झालं, नाहीतर माझा धंदाच बसला असता, शाळेचे गणवेश सगळे त्यातच असतात. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा. आपल्याकडे जवस जातं चटणीत. त्यामुळे हा नियम अख्खा जालना जिल्हा न ठरवता पाळतो.

पण खुलासा मिळायचा तर सगळ्यांना मिळावा. २८व्या वचनाची सुरुवात आहे मेलेल्यासाठी अंगावर जखमा करून घेऊ नका अशी. म्हणजे ते सगळं वचनच त्या काळच्या शोक करण्याच्या रीतींशी जोडलेलं असावं. पोरीच्या मनगटावर तर क्रूस आहे. काकांच्या सफारीला खुलासा मिळाला, तिच्या मनगटाला मिळाला नाही.

आणि गोंदणाचंच म्हणाल तर आमच्या आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन होतं. हिरवं, म्हातारपणी पसरून पुसट झालेलं. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका. त्या हातावर किती पाळक आले नि गेले, सगळ्यांनी प्रभुभोजनाची भाकर ठेवली. कुणी बाही लांब करायला सांगितली नाही.

१९व्या वचनात कापडाच्या आधी आणखी दोन गोष्टी आहेत: गुरांचा संकर होऊ देऊ नको आणि शेतात दोन प्रकारचं बी पेरू नको. हे जालन्यात बसून वाचायचं म्हणजे कमालच आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली तेव्हापासून हे गाव संकरित बियाण्यावर वाढलंय. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली ती इथल्याच बियाण्याला. मंडळीतली कितीतरी घरं बियाण्याच्या प्लॉटवर परागीकरणाच्या मजुरीवर चालली आहेत. बाया सकाळी फुलावर फूल घासतात आणि रविवारी वचन ऐकतात. माझा भाऊ अंबडकडच्या रानात कापसात तूर घेतो, काकाही घेतात. न घेऊन सांगतात कुणाला? पाऊस दगा देतो तेव्हा एक गेलं तरी दुसरं हाताशी लागतं. मराठवाड्यात एकाच पिकावर विश्वास ठेवायला फारच मोठा विश्वास लागतो.

उलट २३ ते २५ ही वचनं मला वाचताना हसू आलं. फळझाड लावलं की तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाचं, पाचव्या वर्षीपासून तुमचं. आमच्याकडचा कुठलाही मोसंबीवाला हेच सांगेल. लहान झाडावर फळं धरू नका, झाड खचतं, पाचव्या-सहाव्या वर्षी बहार धरा. लेवीय न वाचता सगळा अंबड तालुका या बाबतीत धार्मिक आहे.

जुन्या करारातलं काय पाळायचं आणि काय नाही, याचं उत्तर आम्हाला लहानपणी रविवारच्या शाळेत मिळालं होतं. जालन्याजवळ बेथेल वसवलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी, निजामाच्या राज्यात, आणि त्यांच्या पाठीशी होतं स्कॉटलंडचं फ्री चर्च. त्या स्कॉटिश लोकांची १६४०च्या दशकातली वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली आहे. तिच्यात हा विषय योगायोगानं १९व्याच प्रकरणात येतो. नियमांचे तीन ढीग: नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे. नैतिक कायमचे. विधींचे ख्रिस्तात संपले. राज्यकारभाराचे जुन्या इस्राएलच्या राज्याबरोबर गेले, त्यातला न्यायाचा गाभा तेवढा घ्यायचा. ऐकायला छान, सुटसुटीत. पण लेवीय लिहिणाऱ्याला हे ढीग माहीत नव्हते. त्यानं शेजाऱ्यावरची प्रीती १८व्या वचनात ठेवली आणि लगेच १९व्यात दोन जातींचं बी. मध्ये रेघ नाही, रिकामी ओळ नाही. कापड एकच आहे, बेतायला आम्ही बसलो, आणि कात्री ज्याच्या हातात तो आपल्या मापानं कापतो.

नव्या करारात तरी सोपं असेल म्हणावं, तर तिथं प्रेषितांची कृत्ये १५ आहे. यरुशलेमेत बैठक झाली, प्रश्न असा की परक्या जातींतून आलेल्यांना मोशेचं सगळं नियमशास्त्र लावायचं का. ठरलं, नाही. फक्त चार गोष्टी: मूर्तींना वाहिलेलं नको, रक्त नको, गळा दाबून मारलेलं नको, जारकर्म नको. म्हणजे सगळं सोडून उरलेले हे चार. आता आमच्याकडे या. जारकर्म सोडलं तर बाकीच्यांचं काय झालं?

रविवारी उपासनेनंतर मटणाच्या दुकानापुढे निम्मी मंडळी भेटते आणि रक्ती आधी संपते. कांदा-लसणात परतलेली, वरून कोथिंबीर. आमचे आजोबा म्हणायचे, "रक्तीबिगर मटन म्हंजी हळदीबिगर लगीन." लेवीय १९:२६ सुद्धा रक्ताला नाही म्हणतं. जुना करारही नाही म्हणतो, नवाही नाही म्हणतो, आणि या एका वचनावर मी आजवर प्रवचन ऐकलेलं नाही.

कंदुरीचं तर शास्त्रच आहे. गावात कुणाचा नवस फिटला की बोकड कापतात, दर्ग्याला नाहीतर देवीला दाखवतात आणि गाव जेवायला बसतं. न जावं तर गावात राहायचं कसं? प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथकर १०) वाट काढून ठेवलीय: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, मात्र कुणी सांगितलंच की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आजोबांनी हे बरोबर पकडलं होतं. कंदुरीला जायचे, पहिल्या पंगतीला बसायचे आणि कुणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. यजमान काही सांगायला जवळ आला की हे ताटात मान घालायचे, "वाढ, वाढ." खाऊन हात धुतल्यावर मग नवस कशाचा ते विचारायचे.

त्यांचंच बैलांचंही आठवतं. पोळ्याला गावातले बैल सजायचे. मिशनच्या जुन्या लोकांना ते खटकायचं, पोळा मूर्तिपूजेतला. आजोबा बैलांना रंग लावायचे नाहीत, नैवेद्य दाखवायचे नाहीत, पण त्या दिवशी जू मात्र बैलाच्या मानेवर जायचं नाही. कुणी विचारलं तर अनुवाद ५:१४ सांगायचे, शब्बाथाला तुझा बैलही विसावा घेईल, तुझा गडीही. आणि कोळपणीला बैलांच्या तोंडाला मुसकं बांधायचे, पण खळ्यावर सोडायचे, कारण मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको हे अनुवाद २५:४ मध्ये आहे. हे वचन आता मंडळीत फक्त एका कामाला येतं. पौलानं विचारलं होतं, देवाला काय बैलांचीच काळजी आहे? आणि त्यातून निघालं की वचन सांगणाऱ्याला मोबदला मिळावा. पाळकांचा पगार वाढवायचा असला की हा बैल दरवेळी येतो. पगार वाढावा, माझं काही म्हणणं नाही, आमच्या पाळकसाहेबांना फार कमी मिळतं. पण जनावरासाठीचा नियम होता, त्यातून जनावर गेलं, गडीही गेला आणि पाळक उरले.

दशांशाचं तसंच. जानेवारी आला की मलाखी ३:१०, सगळा दशांश भांडारात आणा. ते जुन्या करारातलं असूनही कधी बाद झालं नाही. अनुवाद १४ मधला दशांश मात्र मी स्वतः वाचेपर्यंत ऐकलाच नव्हता. तिथं दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, देवाच्या सेवेतला लेवी, परका, पोरकी पोरं आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. एकदा बैठकीत मी विचारलं, हे तिसरं वर्ष यंदा आहे की पुढच्या वर्षी? खजिनदार म्हणाले, "ताई, चहा थंड होतोय."

आता १३वं वचन. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. अनुवाद २४:१५ मध्ये तर आणखी स्पष्ट: ज्याच्या त्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत. कारणही दिलंय, तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो.

कापसाची वेचणी बघितलीय का? बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं जातात. बोंडाची वाळलेली टोकं नखाशी लागून बोटं चिरतात, म्हणून कुणी चिंधी गुंडाळतं, कुणी चिकटपट्टी लावतं. दिवस मावळायला जुन्या साडीत गाठोडं बांधतात. लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवलेला असतो. गाठोडं चढतं, मालक आकडा मोठ्यानं सांगतो आणि वहीत लिहितो. काट्याकडे बाई टाचा उंच करून बघते. मालक तिच्या पुढ्यात उभा असेल तर तिला फक्त त्याची पाठ दिसते. (३५-३६ वचनं खऱ्या काट्याबद्दल आहेत. हेही त्याच अध्यायात.) पैसे मिळतात बाजाराच्या दिवशी. ही रीत सगळीकडची, त्यात काही चोरी नाही असं सगळे म्हणतात. मग बाजार येतो आणि मालक सांगतो, व्यापाऱ्याकडून आले नाहीत, पुढच्या बाजारी बघू.

काकांच्या रानात वेचणीला जाणारी एक बाई आमच्याच मंडळीतली. नवरा नाही. तिच्या पोराच्या गणवेशाचे पैसे माझ्याकडे राहिले होते. मी काही मागितले नव्हते, तीच दुकानात येऊन सांगायला लागली, "ताई, दोन बाजार झाले, काकांनी हिशोब केला नाही. तुमचे कुठून देऊ?" आणि मग आवाज खाली करून, "सांगू नका हं, पुढच्या वेचणीला बोलवायचे नाहीत."

त्याच आठवड्यात गोंदणाची बैठक झाली होती. २८वं वचन वाचलं गेलं, आणि वाचणाऱ्याच्या अंगठ्याखाली १३वं होतं. माझा राग वचनं निवडण्यावर नाही. निवडतात सगळेच. मी बाजारातून सुकट आणते, लेवीय ११ प्रमाणे कवचातलं काही खायचं नाही; जवळ्याची चटणी मी कुठल्याही ग्रंथासाठी सोडणार नाही. लग्नसराईत रविवारी दुपारी माझी मशीन चालू असते. मला दिसतं ते एवढंच की, ज्या नियमाची किंमत दुसऱ्यानं मोजायची तो आमच्याकडे टिकतो, आणि ज्याची किंमत आपल्या खिशातून जायची तो राज्यकारभाराच्या ढिगात जातो.

आणि काही वचनं गेली ती चांगलीच गेली. याच अध्यायाची २० ते २२ वाचा. दासीवर हात टाकला तर पुरुषानं मेंढा आणायचा, प्रायश्चित्त होऊन तो मोकळा. तिला काय वाटलं ते कुणी विचारत नाही. पुढच्याच अध्यायात आईबापाला शिव्या देणाऱ्याला मरणदंड आहे. हे पाळायचं ठरलं तर आमच्या गल्लीत तरुण पोरं शिल्लक राहायची नाहीत. म्हणून सगळंच पाळा असं मी म्हणत नाही. पान पूर्ण वाचा म्हणते.

महिला मंडळाची सभा गुरुवारी असते. मी तिथं सुचवलं की हा एकच अध्याय घेऊ, एका वेळी एक वचन, आणि पुढे पळायचं नाही. सुरुवात बरी झाली. नवव्या-दहाव्या वचनाला सभा लांबली, कारण तिथं सरवा आहे. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, गरिबाला नि परक्याला राहू द्या. म्हाताऱ्या बायांचं तोंड थांबेना. कुणी ज्वारीची कणसं वेचून पोरं वाढवली, कुणी भुईमुगाच्या रानात दिवसभर खुरपं चालवून पदरात शेंगा आणल्या. बायबलमधल्या सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट त्यांना वाचून दाखवावी लागली नाही. आता सोयाबीनच्या रानात सरव्याला गेलं तर मालक हाकलतो, नाहीतर मेंढरं बसवायचा सौदा आधीच झालेला असतो. एकजण म्हणाली, आमच्याकडे निम्मं घ्या, निम्मं द्या असं करतात. तिच्याच शेजारी तसं करणारीची सून बसली होती. थोडा वेळ सगळ्या गप्प बसल्या.

मधेच निर्गम २२:२५ निघालं, गरिबाकडून व्याज घेऊ नको, आणि गाडी बचत गटावर घसरली. आमचा गट महिन्याला शेकडा दोन घेतो. मग काय, व्याज बंद करायचं? माझं मत स्पष्ट होतं, करायचं नाही. व्याज गटातच राहतं आणि वर्षाला आमच्यातच वाटलं जातं, नाहीतर दारात खासगी कंपनीवाला हप्त्याची वही घेऊन उभाच आहे. भाच्यानं सांगितलं होतं की ज्यूंमध्येही असा पेच पडला होता. दर सातव्या वर्षी कर्ज माफ, हा अनुवाद १५ चा नियम. मग सातवं वर्ष जवळ आलं की कुणी उसनं देईना. तेव्हा हिल्लेल नावाच्या गुरूंनी कर्ज न्यायसभेच्या नावे करायची तोड काढली. हे ऐकून आमच्या सचिवबाई म्हणाल्या, "म्हंजी कर्जमाफीची आवई उठली की बँक हात आखडती, तसंच की."

१३वं वचन आलं तेव्हा ती विधवा बाई सभेला होती. काकूही होत्या, काकांच्या घरच्या. मी वचन वाचलं आणि काही बोलले नाही, शब्द दिला होता ना. काकूंनीच विचारलं, "फोनवरून पाठवले तर चालतं का गं? त्याच दिवशी?" मी म्हणाले, सूर्य मावळायच्या आत गेले की झालं. काकांनी त्यावर घरी काय म्हटलं ते मला कळलेलं नाही. बाईनं गणवेशाचे पैसे आणून दिले, ते कुठून आले ते मी विचारलं नाही.

पोरीच्या गोंदणापर्यंत पोचायला अजून बरेच गुरुवार लागतील. सध्या आम्ही १४व्यावर आहोत: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. वाचून झाल्याबरोबर एका आजींनी चर्चच्या दारातल्या फुटक्या पायरीचा विषय काढला. गेल्या पावसाळ्यापासून तशीच आहे, त्यांना नीट दिसत नाही, दोनदा पाय मुरगळला. खजिनदारांना निरोप गेलाय. निधी नाही म्हणतात. सचिवबाई म्हणाल्या, सिमेंटची अर्धी गोणी माझ्याकडे पडून आहे, वाळू कुणीतरी आणा.